बडोद्याची बँक कंपालाला कशी पोचली

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरातल्या बँकांच्या बातम्या मी रोज वाचतो, पण तिमाहीचा नफा, एनपीए म्हणजे थकलेली कर्जं आणि शेअरचा भाव याच्या पुढे त्यात काहीच नसतं म्हणून आज लिहायला बसलो. आमची बँक ऑफ बडोदा आज पंधराहून जास्त देशांत आहे, न्यूयॉर्क, ब्रसेल्स, दुबई, सिडनी, फिजी, मॉरिशस, आणि ती एवढी लांब कशी गेली हे दांडिया बाजारातल्या मराठी घरातल्या पोरांनाही सांगता येत नाही.

20 जुलै 1908 ला सयाजीराव महाराजांनी ही बँक काढली. नाशिककडच्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले महाराज, 1906 ला त्यांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि दोनच वर्षांनी बँक. बरोबर संपतराव गायकवाड होते, राल्फ व्हाइटनॅक नावाचे अमेरिकन होते, आणि विठ्ठलदास ठाकरसी, म्हणजे तेच ज्यांच्या आईचं नाव कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला आहे. पुढे 1913 ते 1917 मध्ये देशात ऐंशीहून जास्त बँका बुडाल्या, लोकांची आयुष्यभराची पुंजी गेली, ही टिकली. मला विचाराल तर बँकेची खरी पत तिथेच तयार झाली, आजच्या जाहिरातीत नाही.

आता मुख्य मुद्दा. 1953 ला बँकेने परदेशातल्या पहिल्या ब्रँचा उघडल्या त्या लंडन-न्यूयॉर्कला नाही, केनियातल्या मोंबासाला आणि युगांडातल्या कंपालाला. कारण सरळ आहे, गुजरातेतल्या चरोतर (आणंद-खेडा भाग) आणि सौराष्ट्रातली माणसं तिकडे दुकानं थाटून बसली होती, त्यांना गावी पैसे पाठवायचे होते, माल मागवायचा होता, हुंडी-ड्राफ्ट लागत होते. गिऱ्हाईक आधी गेलं, बँक त्याच्या मागून गेली. लंडनची ब्रँच 1957 ची. म्हणून 1972 ला युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत युगांडा सोडायला लावला आणि हजारो कुटुंबं नेसत्या कपड्यानिशी इंग्लंडला उतरली तेव्हा ओळखीच्या नावाची बँक तिथे आधीच होती. आमच्या शेजारचे पटेलकाका त्यातलेच, नंतर ते बडोद्याला परत आले, आणि अजूनही बँकेचा विषय निघाला की आधी कंपालाचं नाव घेतात. युगांडातली बँक सुद्धा संपली नाही, आज तिथल्या शेअरबाजारात तिचे शेअर आहेत.

एचएसबीसी पण अशीच वाढली, 1865 ला हाँगकाँगला निघाली, चीन-युरोपचा व्यापार करणाऱ्यांच्या मागून पसरली, आणि 1993 ला मुख्यालय लंडनला गेलं. साइझमध्ये आपली बँक तिच्या जवळपासही नाही, ते मान्यच आहे. पण आपलं हेड ऑफिस अजून इथेच अलकापुरीत आर. सी. दत्त रोडवर आहे, कॉर्पोरेट ऑफिस मुंबईला बीकेसीत असलं तरी, आणि ते इथून हलू नये असं मला मनापासून वाटतं.

1969 ला सरकारीकरण झालं, 1 एप्रिल 2019 ला मंगळूरला सुरू झालेली विजया बँक आणि मुंबईची देना बँक यात विलीन झाल्या. बँक मोठी झाली हे चांगलंच आहे. पण 10 ऑक्टोबर 2023 ला रिझर्व्ह बँकेने बँकेच्या बॉब वर्ल्ड या मोबाइल ॲपवर नवीन ग्राहक घ्यायला बंदी घातली ती 8 मे 2024 पर्यंत उठली नाही, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, कारण ही बँक आकडे वाढवायच्या मागे लागून मोठी झालेली नाही, माणसाची गरज बघून झालीये. बँकेतल्या मोठ्या साहेबांनी बडोद्यातल्या मांडवीच्या जुन्या ब्रँचमध्ये एक सकाळ काउंटरसमोर उभं राहून बघावं, पेन्शनवाले आजोबा काय विचारतात, पासबुक भरायला आलेल्या बायका किती वेळ थांबतात. जगातलं स्थान कुठल्या रँकिंगमध्ये शोधायच्या आधी ते तिथे बघा.

तुम्हाला एकच विनंती आहे, 20 जुलैच्या अंकात अर्धं पान या विषयाला द्या आणि बडोदा, नवसारी, आणंदच्या वाचकांना सांगा की ज्यांच्या घरी मोंबासा, कंपाला, नैरोबीची जुनी पासबुकं किंवा ड्राफ्टच्या पावत्या असतील त्यांनी फोटो पाठवावेत. पटेलकाकांकडे कंपाला ब्रँचचं पासबुक अजून आहे, पहिला फोटो मीच पाठवतो.

एक वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा