उपविधी दुरुस्तीच्या प्रस्तावाबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन,
कोथरूड, पुणे

विषय: विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवलेला उपविधी दुरुस्तीचा मसुदा

महोदय,

सप्रेम नमस्कार.

उपविधी, म्हणजे असोसिएशनचे अंतर्गत नियम, बदलण्यासाठी बोलावलेल्या विशेष सर्वसाधारण सभेची सूचना आणि तिच्यासोबतचा मसुदा मिळाला. बिल्डरने घोषणापत्र (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणणारा मूळ दस्त) नोंदवले तेव्हाचेच नियम आपल्या इमारतीला आजही लागू आहेत. त्यांत इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचा उल्लेख नाही, गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा नाही आणि थकबाकी वसूल करण्याची रीतही धड सांगितलेली नाही. ते बदलायला हवेत याबद्दल समितीचे आणि माझे एकमत आहे, आणि एवढे किचकट काम हाती घेतल्याबद्दल मी समितीचा मनापासून आभारी आहे. माझा आक्षेप आहे तो बदल करण्याच्या पद्धतीला आणि मसुद्यातल्या एका कलमाला.

हा मसुदा सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींवरून जवळजवळ जसाच्या तसा घेतला आहे, आणि पुढच्या सगळ्या अडचणी तिथूनच निर्माण झाल्या आहेत. रोजच्या बोलण्यात आपण ‘सोसायटी’ म्हणतो, वॉचमनच्या केबिनवरच्या पाटीवरही तेच लिहिले आहे, परंतु कायद्याच्या दृष्टीने आपण सोसायटी नाही. सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदल्या जातात आणि तिथे सभासदाकडे भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) असतो. आपली इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७० खाली येते. आपल्यापैकी कोणाकडेही भागदाखला नाही. प्रत्येकाकडे स्वतःच्या नावाचे नोंदणीकृत डीड ऑफ अपार्टमेंट आहे आणि त्यात जमीन, जिना, लिफ्ट, गच्ची यांमधला आपला अविभक्त हिस्सा टक्केवारीत लिहिलेला आहे.

मसुद्याच्या शेवटी ‘उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सभासदांपैकी दोन तृतीयांशांच्या मंजुरीने दुरुस्ती संमत होईल’ असे वाक्य आहे. ही सहकारी संस्थांची पद्धत झाली, आणि त्यांनाही तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण निबंधकांनी नोंदवल्याशिवाय त्यांची दुरुस्ती वैध ठरत नाही. आपल्या सध्याच्या उपविधींत मात्र दुरुस्तीसाठी एकूण मूल्याच्या किमान ७५ टक्के हिस्सा असलेल्या मालकांची मंजुरी सांगितली आहे. म्हणजे सभेत किती हात वर झाले हे मोजून भागणार नाही. ते हात कोणत्या सदनिकांचे आणि त्या सदनिकांचा घोषणापत्रातला हिस्सा किती, याची बेरीज करावी लागेल, आणि जे मालक परगावी किंवा परदेशी आहेत त्यांचा हिस्सा त्या ७५ टक्क्यांच्या हिशेबातून वगळता येणार नाही. शिवाय १९७० च्या कायद्याचे कलम १६ सांगते की उपविधींतला कोणताही बदल घोषणापत्राच्या दुरुस्तीत नमूद होऊन ती दुरुस्ती रीतसर नोंदली गेल्याशिवाय आणि तिची प्रत सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाखल झाल्याशिवाय वैध होत नाही. नुसत्या इतिवृत्तातल्या ठरावावर उद्या एखाद्या थकबाकीदाराकडून वसुली करायला गेलो आणि त्याने ही नोंदणी दाखवा म्हटले, तर समितीकडे दाखवायला काही नसेल.

आता ज्या कलमाला माझा आक्षेप आहे त्याविषयी. सर्व सदनिकांना देखभालीचा मासिक आकार (मेंटेनन्स) समान असावा, असा प्रस्ताव आहे. यामागचा युक्तिवाद मला समजतो, कारण लिफ्ट, वॉचमन, जिन्यातले दिवे हे सगळ्यांना सारखेच उपयोगी पडतात, आणि सहकारी संस्थांमध्ये सेवा शुल्क खरोखरच समान असते. पण आपल्या कायद्याचे कलम १० स्पष्ट आहे: सामाईक खर्च मालकांवर त्यांच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीप्रमाणे बसवायचा आणि सामाईक उत्पन्नही त्याच टक्केवारीने वाटायचे. ती टक्केवारी कायमस्वरूपी असून सर्व मालकांच्या संमतीशिवाय आणि घोषणापत्राच्या नोंदणीकृत दुरुस्तीशिवाय बदलता येत नाही, असे कलम ६ म्हणते. उपविधी कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत, म्हणून ७५ टक्के सोडाच, शंभर टक्के हात वर झाले तरी समान आकार केवळ उपविधींत लिहून लागू होणार नाही.

माझी सदनिका इमारतीतल्या मोठ्या सदनिकांपैकी आहे, म्हणजे हा प्रस्ताव संमत झाला तर माझा मासिक आकार कमी होईल, हे मी मुद्दाम नोंदवतो. तो फायदा मला नको आहे. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरच्या भाड्यातला माझा वाटा माझ्या मोठ्या टक्केवारीनेच माझ्या खात्यात जमा होतो, आणि जमिनीतला माझा हिस्साही त्याच प्रमाणात मोठा आहे. घेताना टक्केवारी आणि देताना समानता, हे मला योग्य वाटत नाही. आपल्याकडच्या वन बीएचके सदनिकांत निवृत्तिवेतनावर राहणारी वयस्कर मंडळी आहेत. वाढीव आकाराचा भार त्यांच्यावर पडणार आहे, आणि त्यांच्यापैकी दोघांना हा प्रस्ताव काय आहे हेच नीट कळलेले नव्हते, कारण मसुदाही इंग्रजीत आणि घोषणापत्रही इंग्रजीत.

भाडेकरू ठेवणाऱ्यांकडून सेवा शुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क घ्यावे, या कलमाबाबतही असाच घोटाळा झाला आहे. मसुद्यात आधार म्हणून दिलेला १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. आपल्याला तो आधार घेता येणार नाही.

चार्जिंग, सोलर, थकबाकी आणि दुरुस्ती निधी यांविषयीची कलमे चांगली आहेत आणि त्यांना माझा पाठिंबा आहे. म्हणून माझी विनंती अशी की या सभेत मतदान न घेता केवळ चर्चा व्हावी, समान आकाराचे आणि बिनभोगवटा शुल्काचे कलम मसुद्यातून काढावे, उरलेल्या प्रत्येक विषयाचा स्वतंत्र ठराव करावा आणि १९७० च्या कायद्याची कामे करणाऱ्या वकिलाकडून मसुदा तपासून घेतल्यावर मराठी प्रतीसह तो सर्व मालकांना पाठवावा. पुढच्या सभेत मतपत्रिकेवर प्रत्येक सदनिकेची टक्केवारी छापलेली असावी, म्हणजे बेरजेवरून वाद होणार नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयातून घोषणापत्राची प्रमाणित प्रत मी काढून आणली आहे. तिच्यातल्या टक्केवारीच्या तक्त्याचे आणि सध्याच्या उपविधींचे मराठी भाषांतर करण्याचे काम मी आनंदाने करीन. समितीने होकार कळवावा, मी दुसऱ्याच दिवशी सुरुवात करतो.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सदनिकाधारक