पायरसीवाले पकडा, पण वाचणाऱ्यांना कुलूप कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातली पायरसीवरच्या, म्हणजे सिनेमे चोरून दाखवणाऱ्या साइटवरच्या कारवाईची बातमी वाचली आणि रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले. एवढ्या साइट बंद केल्या म्हणून तुम्ही कौतुकाने छापलंय, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं त्याबद्दल एक ओळ नाही. आमच्या घरात ते जळलंय म्हणून सांगते.

ऑगस्ट २०१७ ची गोष्ट. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पुस्तकातला बारीक टाइप तिला दिसायचा नाही. भाच्याने टॅबवर इंटरनेट अर्काइव्ह उघडून दिलं, तिथे जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन आहेत आणि पान दोन बोटांनी हवं तेवढं मोठं करता येतं. आई गडकऱ्यांचं नाटक वाचत होती. रोज दुपारी चहा झाला की चार पानं, एकेक अक्षर हरभऱ्याएवढं करून, आणि मधेच डोळे मिटून पुढचा संवाद तोंडपाठ म्हणायची, मग पान सरकवून बघायची बरोबर आला का. एक दिवस ती साइट उघडेचना. नुसतं गोल गोल फिरत बसायचं. बाकी सगळं व्यवस्थित चालू, हेच बंद.

नेटवाल्याला तीन फोन केले. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला, वायर काढून परत लावली, बटण दाबून दिवे बघितले आणि म्हणाला, काकू, राउटर गेलाय. अठराशे रुपये. दिले मी. नवीन राउटरवर पण तेच! परत फोन केला तर म्हणे तुमच्या टॅबमध्ये प्रॉब्लेम असेल. शेवटी शेजारच्या मुलीने तिच्या मोबाइलच्या नेटवर ती साइट लावली तेव्हा पानावर चक्क लिहून आलं की दूरसंचार खात्याच्या आदेशावरून ही साइट बंद केली आहे. म्हणजे ज्याने वरून आलेली ऑर्डर पाळून साइट बंद केली त्यानेच मला राउटर विकला. त्या मुलाला बिचाऱ्याला माहीतही नसेल, पण ऑफिसात बसलेल्यांना तर माहीत होतं ना?

मग पेपरांत आलं. दोन हिंदी सिनेमांच्या निर्मात्यांनी मद्रास हायकोर्टातून ऑर्डर आणली होती, अडीच हजारांहून जास्त साइटची यादी, आणि त्यात हे ऑनलाइन वाचनालयही. गडकरी १९१९ साली गेले. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, तो कधीच संपला. ज्यांच्या नावाचं रंगायतन मासुंदा तलावाकाठी उभं आहे त्यांचं नाटक ठाण्यातल्याच एका म्हातारीला वाचता येऊ नये, कशासाठी तर कोणाचा तरी सिनेमा चोरीला जाऊ नये म्हणून! याच मद्रास हायकोर्टाने २०१२ साली स्पष्ट केलं होतं की अख्खी साइट नाही, फक्त चोरीच्या मालाची लिंक बंद करा. २०१६ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती गौतम पटेलांनीही तेच बजावलं, की सगळी साइटच बेकायदा आहे हे आधी दाखवा. तरी २०१७ ला हे घडलं.

मी चोरांच्या बाजूने बोलत नाहीये, हे नीट लक्षात घ्या. माझ्या मावसभावाचा मुलगा मराठी सिनेमात साउंडचं काम करतो, शुक्रवारी लागलेला सिनेमा रात्री टेलिग्रामवर आला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिलाय, दोन दिवस जेवला नाही नीट. थिएटरात कॅमेरा लावणाऱ्याला पकडा, २०२३ च्या कायद्यात किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे तो लावा, वर निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड जाऊ शकतो तोही लावा. त्याच वर्षी सरकारने अशा तक्रारी घेणारे नोडल अधिकारी नेमले, निर्मात्याची तक्रार आली की ४८ तासांत कारवाई असं जाहीर झालं. चांगलंच आहे. पण माझ्यासारखीची साइट चुकून बंद झाली तर ४८ तासांत दाद देणारा अधिकारी कोण? मी नेटचे पैसे दर महिन्याला वेळेवर भरते. निदान काय बंद केलं, कोणाच्या ऑर्डरने आणि चूक असेल तर कोणाला कळवायचं हे पानावर मराठीत लिहून येऊ दे, गोल गोल फिरवत ठेवू नका.

पुढे ती साइट आपोआप सुरू झाली, पण तोवर आई डोंबिवलीला भावाकडे गेली होती आणि ते वाचन राहिलं ते राहिलंच.

पुढच्या बातमीत बंद झालेल्या साइटची पूर्ण यादी छापा, ही विनंती. आणि जाता जाता अजून एक, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सहाला तुमच्या अख्ख्या पेपरची पीडीएफ येते. मी पैसे देऊन पेपर घेते तो साडेसातला येतो, तोपर्यंत बाकीच्यांचा फुकटात वाचूनही झालेला असतो. त्याबद्दल ग्रुपवर बोलले तर माझ्याशीच दोघीजणी बोलेनाशा झाल्यात. तुमचाच पेपर आहे, त्यावरही कधीतरी लिहा.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)