पेनड्राइव्हची तपासणी तुमच्या अपडेटने बंद पडली, आणि दोष आमच्या मुलांना?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आजच्या फोननंतर तुमच्या सपोर्टशी बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून थेट तुम्हाला लिहितो आहे.

आमच्या युवा केंद्रातल्या संगणकांवर वस्तीतली मुले शिष्यवृत्तीचे, भरतीचे अर्ज भरतात. झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणलेले पेनड्राइव्ह दिवसभर लागत असतात. लावताक्षणी ते तपासले जावेत, यासाठीच तुमच्या अँटिव्हायरसचे लायसन्स घेतले. सेटिंगला पासवर्ड आहे, मुलांच्या खात्यांना अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत. तरीही तुमची नवी आवृत्ती आली आणि ही तपासणी सगळ्या यंत्रांवर बंद झाली. साधी सूचनाही आली नाही. एका मुलीच्या पेनड्राइव्हमधली ‘दाखले’, ‘मार्कशीट’ ही फोल्डर दिसेनाशी झाली, त्याच नावांचे शॉर्टकट आले. तिने एक उघडताच आतली व्हायरसची स्क्रिप्ट चालली. पुढे त्या यंत्राला लागलेला प्रत्येक पेनड्राइव्ह बिघडला.

तुमच्या प्रतिनिधीने विचारले, “हिरवी खूण दिसते का?” दिसते, म्हटले. “मग सिस्टिम सुरक्षित आहे.” अहो, खूण हिरवी आहे पण तपासणी बंद आहे, स्क्रीनशॉट पाठवलाय. तो त्याने उघडलाच नाही. “कॉम्प्युटर कोण वापरतं?” वस्तीतली मुलं. “मग सर, अशी मुलं नको ते डाउनलोड करणारच. फॉरमॅट मारा.” फोन स्पीकरवर होता आणि ती मुलगी शेजारीच बसली होती. अशी म्हणजे कशी, हे तुम्ही मला लेखी कळवा. फोन ठेवताच मेसेज आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’

सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राचे ‘यूएसबी प्रतिरोध’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि पासवर्डशिवाय पेनड्राइव्ह उघडू देत नाही. आम्ही पैसे मोजले ते तुमच्या नावावर विश्वास ठेवून. तपासणी तुमच्या अपडेटने बंद केली, मुलांनी नाही, हे पुन्हा सांगतो.

तक्रार पुन्हा उघडा. अपडेटनंतर सेटिंग का बदलली, ते लेखी द्या. इतर संस्थांच्या यंत्रांवरही ती बंद असेल, त्यांना आजच कळवा. त्या मुलीची माफी मागा. आठवड्यात उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन आणि लायसन्सचे पैसे परत मागेन.

समन्वयक, संगणक कक्ष