दस्त्यावर रंग मारण्याआधी पॉलिश पेपर हातात घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत एअर रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवून हातात धरायचा भाग, घरच्या घरी रंगवायचा लेख वाचला. असा विषय मराठी पेपरात छापलात त्याबद्दल आधी थँक्यू, कारण 2024 ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमधून 50 मीटर थ्री पोझिशन रायफल नेमबाजीचं ब्राँझ आणल्यापासून आमच्या भागात पोरांच्या हातात रायफली दिसायला लागल्यात आणि त्यातल्या बऱ्याच कुणीतरी वापरून सोडलेल्या, दस्ता खरवडलेला, वार्निश उडालेलं अशाच असतात. पण लेखाने सुरुवातच स्प्रेच्या डब्यापासून केलीय, आणि मी फर्निचर पॉलिशच्या धंद्यात आयुष्य काढलेला माणूस, मला ते बघवेना म्हणून लिहितोय.

रंग हे शेवटचं काम आहे हो. आधी रायफल रिकामी आहे ना ते बघा, मग दस्त्याचे स्क्रू काढून वरचं लोखंड वेगळं करा, नुसता दस्ता हातात घ्या. लोखंडाच्या भागात हात घालू नका, स्प्रिंगच्या एअर रायफलमधली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, नको ती पिन काढली तर थोबाड फोडेल. मग जुनं वार्निश पूर्ण उतरवायचं, 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, मग 240, आणि पेपर लाकडाच्या रेषेनेच चालवायचा, आडवा मारलात की ते ओरखडे रंगाखालूनसुद्धा वर दिसतात.

दस्त्याला खळगे पडलेले असतील तर लगेच लांबी, म्हणजे पुट्टी, भरू नका. वार्निश उतरल्यावर खळग्यावर ओल्या सुती फडक्याची घडी ठेवा आणि वरून गरम इस्त्री टेकवा, फस्स करून वाफ निघते, दबलेलं लाकूड फुगतं, फडकं उचललं की खळगा निम्मा वर आलेला असतो, परत ओलं करा परत टेकवा, बहुतेक वेळा हाताला लागेनासा होतो. पोरांना हे दाखवलं की त्यांना जादूच वाटते. लाकूड दबलेलं नसून तुटलेलंच असेल तर मात्र वाफेने काही होत नाही, तिथे त्याच लाकडाचा बारीक भुसा दोन ट्यूबांच्या गोंदात म्हणजे अ‍ॅरल्डाइटमध्ये कालवून भरा. शेवटी सगळ्या दस्त्यावरून ओलं फडकं फिरवून वाळू द्या, लाकडाची लव उभी राहील, ती 320 ने हलक्या हाताने कापा. हे नाही केलं तर पहिल्याच कोटला दस्ता खरखरीत होतो आणि लोक रंगाला शिव्या देतात.

आणि इतकं केल्यावर खाली चांगलं लाकूड निघालं तर माझं स्पष्ट मत, रंग मारूच नका, अळशीच्या तेलाचे पातळ हात द्या. चांगल्या लाकडावर काळा मॅट मारणं म्हणजे पैठणीवर रेनकोट. फक्त तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. आणि एकदा तेल दिलेल्या दस्त्यावर स्प्रे धरत नाही, तेव्हा काय ते आधीच ठरवा.

आता टेक्स्चर, म्हणजे पकड बसावी म्हणून केलेला खरखरीतपणा. लेखात गाडीच्या अंडरबॉडी कोटिंगचा डबा सांगितलाय, डांबराच्या बेसचं असेल तर ते आपल्या मे महिन्यात मऊ पडतं आणि तळहाताला चिकटतं, दस्त्याला ते नकोच. लाकडाला मी सांगतो ते करा, जिथे हाताची मूठ बसते तेवढ्याच भागाला कडेने मास्किंग टेप लावा, आत अ‍ॅरल्डाइटचा अगदी पातळ हात द्या आणि चाळून धुऊन वाळवलेली बारीक वाळू चहाच्या गाळणीतून वरून भुरभुरा. टेप काढायची ती अ‍ॅरल्डाइट अर्धवट घट्ट असतानाच, पूर्ण वाळल्यावर ओढलीत तर कड फुटते. दुसऱ्या दिवशी ब्रशने सुटी वाळू झाडा, हाताला फारच बोचत असेल तर 240 एकदा फिरवा आणि मग रंग. गाल टेकतो तिथे टेक्स्चर अजिबात नको, गाल सोलून निघेल. आतल्या खाचेत जिथे लोखंड बसतं तिथेही रंग जाऊ देऊ नका, टेप मारा, नाहीतर बसणी बदलते आणि नेम हलतो.

प्लास्टिकच्या दस्त्याचं गणित वेगळं. तिथे पोरं सोल्डरिंग आयर्नने ठिपके पाडतात, चांगलं होतं, पण ते परत बुजत नाहीत, आणि पोकळ दस्ता पातळ असेल तर आरपार भोक पडतं, आधी कुठल्यातरी फुटक्या बादलीवर हात बसवा आणि उघड्यावर करा, तो धूर वाईट. रंगाआधी भांड्याच्या साबणाने धुवायचं, हिरव्या घासणीने चमक घालवायची, मगच स्प्रे, वीतभर लांबून, पातळ पातळ. पावसाळ्यात तर नकोच, हवेतल्या दमटपणाने लॅकर पांढरं पडतं, कुठल्याही पॉलिशवाल्याला विचारा. डिझाइन हवंच असेल तर कांद्याची जाळीची पिशवी दस्त्यावर ताणून बांधा आणि वरून दुसरा रंग मारा, सापाच्या कातडीसारखी नक्षी उठते, खर्च शून्य. तो लष्करी कॅमोफ्लाज मात्र कशाला ते मला कळत नाही, शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, लपायचंय कुणापासून? असली रायफल घेऊन एसटीत चढलात तर कंडक्टरच आधी पोलिसांना फोन करेल.

आता जे लेखात यायलाच हवं होतं ते. 10 मीटर एअर रायफलला आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या, नियमाप्रमाणे फोर-एण्डवर (नळीखालचा पुढचा भाग), पिस्टल ग्रिपवर (मुठीत धरायचा भाग) आणि दस्त्याच्या खालच्या भागावर पकड वाढवणारं कुठलंही मटेरियल लावता येत नाही. म्हणजे वाळू-अ‍ॅरल्डाइटचं हे सगळं घरी डब्यावर नेम धरणाऱ्यांसाठी, मॅच खेळणाऱ्या पोरासाठी नाही. लेख वाचून कुणी क्लबच्या रायफलला वाळू लावली तर इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे रायफल तपासतात त्या, टेबलावरच अडकेल, आणि रडेल ते पोरगंच. रंग चालतो, पण तोसुद्धा कोचला विचारून. लायसन्सच्या बंदुकीचा विषय तर पूर्ण वेगळा, तिचा नंबर घासणं किंवा मिटवणं आर्म्स अ‍ॅक्ट 1959 प्रमाणे गुन्हा आहे, तिचं काम लायसन्स असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

तेव्हा नियमाची एवढी चौकट येत्या रविवारी त्याच पानावर छापा ही विनंती, जिल्ह्याच्या मॅचेस तोंडावर आल्यात.

आपला,
एक पॉलिशवाला वाचक, कोल्हापूर