बाई, तुमचा कोट खुर्चीवरच राहिला होता

प्रिय बाई,

तिकडे अमेरिकेत, इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात, तुम्ही आमच्या अॅडव्हायझर, कुठला विषय कधी घ्यायचा ते सांगणाऱ्या. सगळे तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारतात. मला वर्षभर ते जमलं नाही. मी आपलं 'हॅलो'वर भागवायचे. आज मराठीत लिहितेय, म्हणून शाळेतल्यासारखं सरळ 'बाई' म्हणते. तुम्हाला हे वाचता येणार नाही, ठाऊक आहे. इंग्रजीत लिहायला बसले तर तीन ओळींचा गुळगुळीत मेल झाला. तो पाठवला. त्यात जे मावलं नाही ते हे.

परवा रात्री ब्रांचचा निकाल आला. एरोनॉटिकल अँड अ‍ॅस्ट्रोनॉटिकल मिळालं! नाशिकला तेव्हा सकाळ होती, बाबा सातपूरच्या वर्कशॉपला निघाले होते. गाडीची किल्ली हातात धरून ते पायरीवरच बसले म्हणे. ओझरच्या एचएएलमधून, विमानांच्या कारखान्यातून, उडणारी सुखोई लढाऊ विमानं बघत मी लहानाची मोठी झाले. आवाज आला की बाबा लेथ बंद करून मला बाहेर घेऊन यायचे. त्यामुळे ब्रांच कुठली हवी हा प्रश्न आमच्या घरात कधी नव्हताच.

प्रश्न होता तो ती मिळण्याचा. पर्ड्यूत इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्यांना एकच, ब्रांच त्यानंतर, ग्रेड आणि जागा बघून. परदेशी अॅडमिशन करून देणाऱ्या आमच्या कन्सल्टंटने मात्र सांगितलं होतं, "एकदा आत गेलीस की मागशील ती ब्रांच." फी घेताना चहासुद्धा पाजला होता. दुसऱ्या सेमिस्टरला फिजिक्स बुडायला लागलं तेव्हा त्यांना फोन केला, तर "हे बघ, आमचं काम व्हिसा लागेपर्यंत." सीनियर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. एकाने ठामपणे सांगितलं, विषय सोडलास की व्हिसा गेला. दुसऱ्याने नुसता विमानाचा इमोजी टाकला, हसणाऱ्या तोंडासकट. एक काका म्हणाले, नाहीतरी परदेशी मुलांना तिथे त्या क्षेत्रात घेतं कोण? काकांचं अगदीच खोटं नाही. तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरच्या नियमांमुळे तिथल्या रॉकेट आणि संरक्षणाच्या कंपन्यांतली बरीच कामं आम्हाला मिळत नाहीत. पण ते सांगायची ती वेळ होती का?

फेब्रुवारी संपत आलेला. आर्मस्ट्राँग हॉलबाहेरच्या नील आर्मस्ट्राँगच्या पुतळ्याच्या खांद्यावर बर्फ साठलेलं. तो विद्यार्थीदशेतला पुतळा आहे, आणि त्या दिवशी मला त्याचा रागच आला होता. (नंतर कळलं, हा गडी १९४७ला पर्ड्यूत आला आणि पदवी घेतली १९५५ला. मध्ये कोरियाचं युद्ध. हे आधी कळतं तर बरं झालं असतं.)

तुमच्या खोलीत मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. रडले, एवढं आठवतं. तुम्ही समजावलं नाहीत, पाण्याचा ग्लास पुढे केला नाहीत. पेन्सिल घेतलीत आणि माझ्याच वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी मांडलीत. माझी त्या सेमिस्टरची क्रेडिट, म्हणजे सगळ्या विषयांचं मिळून वजन, १६. फिजिक्सची ४. उरली १२. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून, म्हणजे व्हिसावर, राहायला मला लागतात १२. बारा म्हणजे बारा! तीन आठवडे मी ज्या भीतीने झोपले नव्हते, ती दुसरीतल्या मुलाला येईल अशा वजाबाकीत संपत होती. फिजिक्स उन्हाळ्यात घे, ब्रांच त्यानंतर माग, असं तुम्ही म्हणालात. मार्ग होता. फक्त आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन खात्री करून घ्यायची होती.

मी मान हलवली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तुम्हाला कळलं असणार की ही जाणार नाही. ही आता खोलीवर जाईल आणि पांघरूण ओढून पडेल. अगदी तसंच ठरवलं होतं मी.

तुम्ही उठलात. म्हणालात, "चल, मी येते." आणि तशाच निघालात. कोट खुर्चीच्या पाठीवर, तुम्ही साध्या स्वेटरवर. बाहेर वारा असा की डोळ्यांतून पाणी. वाटेत तुम्ही काहीच बोलला नाहीत. तिथे माझ्या वतीनेही बोलला नाहीत, नुसत्या शेजारी उभ्या राहिलात. तिथल्या माणसाने "हो, बारा चालतात" म्हटल्यावर दोन्ही हात काखेत घालून परत फिरलात. मी काचेतून तुम्हाला जाताना बघत होते आणि 'थँक यू' म्हणायचं राहूनच गेलं.

माझी आजी तिन्हीसांजेनंतर कुणी बाई घरून निघाली की चपला अडकवायची आणि कोपऱ्यापर्यंत जायची. 'सोबत' म्हणायची त्याला. वाटेत काही होणार नसायचं, झालंच तरी आजी काय करणार होती? तरी जायची. इंडियानातल्या त्या बर्फात मला आजीच आठवली. माहिती तर कुठल्याही वेबसाइटवर होती, ती मी पन्नासदा वाचली होती. आणि तुमच्या दाराबाहेर अजून चार मुलं थांबली होती. तुमच्या पगारात हे चालणं बसत नाही. बाकीच्यांनीही त्यांच्या परीने चूक काही केली नाही म्हणा. कन्सल्टंटचं काम खरंच व्हिसापर्यंतच होतं. पण कामाच्या हद्दीवर किती माणसं थांबतात आणि किती ती ओलांडून चार पावलं येतात, हे मी तेव्हापासून मोजायला लागले आहे.

उन्हाळ्यात फिजिक्स झालं. बाबांनी त्या सेमिस्टरची फी कशी उभी केली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परवा आईला फोनवर पहिल्यांदा सगळं सविस्तर सांगितलं. क्रेडिट, व्हिसा, ब्रांच, सगळं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि त्या बाई कोटाशिवायच परत गेल्या? अगं, सर्दी झाली असेल त्यांना. विचारलंस का नंतर?"

नव्हतं विचारलं. बाई, झाली होती का हो?

तुमची,
पेन्सिलच्या वजाबाकीचं पान अजून जपून ठेवलेली नाशिकची मुलगी