पूरग्रस्तांना पुस्तकं द्या, माळ्यावरची रद्दी नको

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, परंडा भागात काय हाल झाले ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच, इथून धान्य कपडे ब्लँकेट भरपूर गेले, मग आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत विषय निघाला की मुलांची दप्तरं पण वाहून गेलीत तर पुस्तकं गोळा करूया. कल्पना चांगलीच. पण नेमकी दिवाळीची साफसफाई सुरू होती आणि लोकांनी हात धुवून घेतले हो! खोक्यात निघालं काय तर जुनाट इन्कम टॅक्स गाईड, विंडोज 98 शिकवणारं पुस्तक, वाळवी लागलेले दिवाळी अंक, अर्ध्या लिहिलेल्या वह्या आणि सीबीएसईची इंग्लिश मीडियमची पुस्तकं ढीगभर. परंड्याच्या पोरांनी त्याचं करायचं काय? आधीच शाळेत चिखल, त्यात ही खोकी ठेवायची कुठे हा त्या मास्तरांना अजून एक ताप.

पहिली ते आठवीला सरकारी आणि अनुदानित शाळेत पुस्तकं फुकट असतात, ती वाहून गेली तर परत द्यायचं काम सरकारचं, ते त्यांच्याकडूनच करून घ्यावं. खरी गोची नववी ते बारावीची. ती पुस्तकं विकत घ्यावी लागतात आणि ज्या घरातलं सोयाबीन गेलं, जनावरं गेली तिथे बोर्डाच्या वर्षाला नवा सेट कुठून येणार? बालभारतीची पीडीएफ फुकट आहे की, असं एकजण म्हणाले, अहो पण मोबाईलच पाण्यात गेला तर?

आणि हीच पुस्तकं आपल्याकडे पडून असतात! दहावीचा अभ्यासक्रम 2018 पासून तोच आहे, बारावीचा 2020 पासून, म्हणजे शेजारचा पोरगा गेल्या वर्षी दहावी झाला असेल तर त्याचा सेट आजही चालतो. फक्त स्टेट बोर्डाचा हवा आणि शक्यतो मराठी माध्यमाचा. गावाकडे आता सेमी इंग्लिश पण आहे, त्यांना गणित विज्ञानाची इंग्लिश पुस्तकं लागतात, तेव्हा ती बाजूला टाकू नका. बाकीचा ढीग सरळ रद्दीवाल्याला द्या आणि त्या पैशात कोऱ्या वह्या घ्या.

जुनं सगळंच टाकाऊ असंही नाही म्हणा. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचं, 2005 आणि 2021 दोन्ही पुरात त्यात पाणी शिरलं, अशा वाचनालयाला एखादा जुना ग्रंथ हवाही असेल, पण आधी फोन करून विचारा तरी.

पाठवायला ट्रकच लागतो असं नाही, पोस्टाची पुस्तकं पाठवायची 'ज्ञान पोस्ट' सेवा मे 2025 पासून सुरू आहे, 5 किलोपर्यंतचं पार्सल 100 रुपये अधिक टॅक्स. आत प्लास्टिक गुंडाळा आणि खोक्यावर इयत्ता, माध्यम मोठ्या अक्षरात लिहा.

तुमच्या पेपरला एक विनंती, तिकडच्या वार्ताहरांकडून कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेचे किती सेट कमी आहेत एवढी यादी मागवून छापाल का? ठाण्यातल्या सोसायट्या आठवड्यात जमवतील.

- एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे