नाकातलं मांस: ऑपरेशन झालं तरी स्प्रे सोडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

परवा एसटी स्टँडमागच्या भिंतीवर परत ती जाहिरात रंगवलेली दिसली, मूळव्याध, भगंदर आणि त्याच ओळीत नाकात वाढलेलं मांस, बिनाऑपरेशन ३ दिवसांत गॅरंटीने बरं. बघून जीव तळमळला म्हणून लिहितेय. ओळखीतल्या एका मामांनी असल्याच माणसाकडून नाकात औषध घालून घेतलं, आतलं अस्तर भाजून चिकटलं, आणि मी स्वतः या दुखण्यापायी ९ वर्षं काढलीत.

सुरुवातीला सगळे म्हणायचे सर्दीच आहे, गार पाणी बाधतं तुला. मेडिकलमधून नाक मोकळं करायचे ड्रॉप्स आणायचे, दोन थेंब टाकले की श्वास सुरू, रात्री परत बंद, असं करत करत बाटली उशाशी असल्याशिवाय झोपच येईना. हे ड्रॉप्स चार-पाच दिवसांच्या वर वापरले की नाक उलट जास्त चोंदतं हे मला कोणी सांगितलंच नाही. वास कधी गेला तेही कळलं नाही. एकदा ओट्याशेजारीच गवार मोडत बसले होते आणि कुकरमधलं पाणी संपून डाळ करपून काळी झाली, मुलगा बाहेरून ओरडत आला तेव्हा समजलं. उद्या गॅस लीक झाला असता तर?

मग ईएनटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलं, सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, ओले घड, दोन्ही बाजूंना. याला पॉलिप म्हणतात. नाकाच्या आणि सायनसच्या अस्तराला सतत सूज राहते आणि ते पाणी धरून लोंबायला लागतं, दुखत अजिबात नाही. हा कॅन्सर नाही, पण एकाच बाजूला असेल किंवा रक्त येत असेल तर तुकडा काढून तपासायलाच पाहिजे आणि लहान मुलांत दिसला तर थांबूच नका.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं हिंगाची डबी उघडली आणि वास आला, तशीच डबी हातात धरून रडले मी. आणि मग चूक केली, डॉक्टरांनी नाकात मारायला दिलेला सूज कमी करणारा स्प्रे बंद केला. सगळे म्हणाले स्टेरॉइड आहे, सवय लागते. अडीच वर्षांत मांस परत आलं, परत ऑपरेशन. अहो, ऑपरेशननं मांस निघतं, सूज येण्याची प्रकृती निघत नाही, बीपीची गोळी जशी बीपी नॉर्मल आलं म्हणून सोडत नाही तसंच आहे हे. स्प्रेमधलं स्टेरॉइड नाकातच काम करतं, अंगात फार थोडं जातं, तोंडातून घ्यायच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्या थोडे दिवसच. फरक पडायला काही आठवडे लागतात, लोक चार दिवसांत कंटाळतात.

स्प्रे मारण्याआधी, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं. मग मान किंचित पुढे, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या, फवारा डोळ्याच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नाही, नाहीतर घोळणा फुटतो. जोरात ओढायचं नाही. मी कित्येक महिने चुकीचंच मारत होते.

अजून एक, दमा आणि पॉलिप दोन्ही असतील तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आमच्या शेजारच्या ताईंनी दाढ दुखते म्हणून एक गोळी घेतली आणि तासाभरात धाप लागून दवाखाना गाठावा लागला.

साहेब, एवढीच विनंती, तीन दिवसांत मांस गायब करणाऱ्यांच्या छोट्या जाहिराती घेऊ नका. त्या जागेत एखाद्या ईएनटी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि स्प्रे कसा मारायचा ते चित्रासकट छापा.

– एक वाचक, कराड